काळी-पांढरी केळी

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सफाई. शारदाने मला माळा वाटून दिला. माळ्यावर जुनी हार्ड डिस्क सापडली, त्यामुळे माळा तसाच राहिला.

डिस्कमध्ये माझे सगळे लँडस्केप. पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासूनचे. असीरगड, तापीचे घाट, धूलकोटकडचे डोंगर, सासुरवाडीची म्हणजे देडतलाईची केळी. दिवसभर पाहत बसलो आणि एक गोष्ट स्वच्छ कळली. इतकी वर्षं माझ्या फोटोग्राफीचं नाव झालं नाही याला मी जबाबदार नाही. रंग जबाबदार आहेत. आपल्या बुऱ्हाणपूरकडे सगळं हिरवंगार, त्यावर निळं आकाश, त्यात कुणीतरी लाल साडी नेसून मधे उभं. नजर ठरतच नाही.

संकल्प: सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचे. नव्या वर्षात प्रदर्शन. प्रदर्शनाचं नावही ठरलं, 'तापीकाठचं मौन'. फोटो व्हायचेत, पण नाव झालं म्हणजे अर्धं काम झालं.

शारदाला सांगितलं. ती म्हणाली, माळा.

१३ ऑक्टोबर

शाळेतून आल्यावर यूट्यूबवर व्हिडिओ पाहिले. सगळे उस्ताद एकच सांगतात. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे नुसता रंग काढणं नव्हे, नको ते काढणं. फ्रेममध्ये लक्ष विचलित करणारं काहीही नको.

मी हे आधीपासूनच म्हणत आलो आहे. वीस वर्षं भूगोल शिकवतोय, जमीन कशी दिसते ते मला कळतं. पण घरच्या लोकांना कळत नाही. कॅमेरा दिसला की येऊन उभे राहतात. असीरगडाच्या दरवाजासमोर शारदा डबा उघडून बसली आहे. तापीच्या सूर्यास्तात आमची लेक भूमिका, वय वर्षं पाच, नाकात बोट. धूलकोटच्या डोंगरापुढे तर सासरे सोडून सगळं सासर रांगेत.

सॉफ्टवेअरमध्ये खोडायचं एक हत्यार आहे. माणसावर फिरवलं की माणूस जातो आणि मागची झाडी पुढे येते. विज्ञान फार पुढे गेलंय.

१५ ऑक्टोबर

असीरगड पूर्ण. शारदा आणि डबा काढला, रंग काढला, आकाश गडद केलं. थोडं जास्त गडद झालं. गड दिसत नाही, पण आहे असं वाटतं. हीच तर कला.

स्टाफरूममध्ये प्रशांतला मोबाईलवर दाखवला. तो म्हणाला, कुणाच्या छातीचा एक्स-रे आहे, सर? प्रशांत केमिस्ट्री शिकवतो. त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती.

१६ ऑक्टोबर

घाटाच्या फोटोची प्रिंट काढून बैठकीत लावली. संध्याकाळी शेजारच्या धुरपदाबाई चकलीचा सोऱ्या मागायला आल्या. फोटोसमोर थांबल्या, डोक्यावर पदर घेतला आणि शारदाला हळूच विचारलं की तुमच्याकडचं कोण गेलं. शारदाने सांगितलं, कुणी नाही, नुसती नदी आहे. त्या म्हणाल्या, मग ऐन दिवाळीत असा काळा फोटो कशाला लावायचा, कुणी गेलं की लावतात असा.

प्रिंट कपाटामागे ठेवली. दिवाळीपुरती. समाज तयार नसतो, आपण तयार राहायचं.

१७ ऑक्टोबर

अडचण. डिस्क भरली. सॉफ्टवेअर विचारतं, जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवू का.

बराच विचार केला. मूळ रंगीत फोटो ठेवले तर मोह राहतो. माणूस डळमळतो. कुणी काही बोललं की परत रंगाकडे जातो. मला स्वतःची ओळख आहे, म्हणून मी स्वतःला ती सवलत देणार नाही. ठेव म्हणून सांगितलं. आता परतीचा रस्ता नाही. छातीत जरा धडधडलं, पण ते चांगलं लक्षण असतं.

नवी डिस्क घेता आली असती असं शारदा म्हणाली. ती गोष्टीच्या मुळापर्यंत जात नाही.

१९ ऑक्टोबर

आज मास्टरपीस झाला.

देडतलाई, २०११. सासरची केळी. सकाळचं ऊन, झाडांच्या सरळ रांगा, डावीकडे विहीर, मागे सातपुड्याची रेघ. इतकं सगळं जुळून आलं होतं आणि मधोमध सासरे. गुलाबी रुमाल बांधून, हात शिवून ठेवल्यासारखे खाली सोडून, थेट कॅमेऱ्याकडे बघत. मला आठवतं, मी तीनदा म्हणालो होतो, आबा, जरा बाजूला व्हा. सासुरवाडीत जावई म्हटल्यावर शब्द खाली पडत नाही. लगेच बाजूला व्हायचे. मी क्लिक करायला जायचो की परत मधे. शेवटी कंटाळून तसाच काढला.

आज चौदा वर्षांनी ते बाजूला झाले. आबांना जाऊनही बारा वर्षं झाली, तेव्हा कुणाला दुखवण्याचा प्रश्न नाही. उजवीकडची पानं कॉपी करून त्यांच्या जागी लावली. एक फाटकं पान दोनदा आलं आहे, पण ते मलाच कळेल. मग रंग काढला. सेव्ह केलं. जागच्या जागी.

शेत मोकळं झालं. शांत. असं वाटतं, इथे कधी कुणी आलंच नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

धर्मेंद्र आला होता. शारदाचा भाऊ, देडतलाईला शेती बघतो. ओवाळणी, जेवण, सगळं यथासांग. जेवता जेवता त्याने आमंत्रण दिलं. त्यांचं नवं घर पूर्ण झालं, तेवीस नोव्हेंबरला वास्तुशांती.

मग म्हणाला की आईची एकच इच्छा आहे. जुन्या घरात आबांचा जो फोटो होता, मतदार कार्डावरून मोठा केलेला, त्याला वाळवी लागली. आईला तो तसाही कधी आवडला नाही. त्यात आबा पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. दुसरा फोटो कुणाकडे नाही. आबा फोटोला उभेच राहायचे नाहीत, लग्नाकार्यात कॅमेरा आला की मांडवामागे जायचे. आईला नव्या घरात आबांचा मोठा फोटो हवा आहे. रंगीत. शेतातला.

शारदा म्हणाली, अहो, तुमच्याकडे आहे ना, केळीतला, गुलाबी रुमालाचा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फार प्रेमाने. इतक्या वर्षांत सासरच्या माणसांनी माझ्या फोटोग्राफीबद्दल पहिल्यांदाच काही मागितलं. मी म्हणालो, आहे की. मी मोठा करून फ्रेमच करून आणतो.

धर्मेंद्र म्हणाला, "जिजाजी, आई कितने दिन से वही बोल रही है. तुम्ही हो म्हणालात, आता ती निवांत झोपेल."

श्रीखंड गेलं नाही.

२४ ऑक्टोबर

घाबरायचं कारण नाही. कॉम्प्युटरमधून काही कायमचं जात नसतं. हे मी विद्यार्थ्यांनाही सांगतो.

अनडू दाबलं. अनडू होत नाही. रिसायकल बिन उघडलं. रिकामं. ते मीच परवा रिकामं केलं, शिस्त म्हणून.

शारदाने विचारलं, फोटो मिळाला का. म्हटलं, काम चालू आहे. ते खरंच आहे.

२६ ऑक्टोबर

गेलेल्या फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. अख्खा रविवार डिस्क धुंडाळत होतं. पंख्याचा आवाज यायला लागला. शेवटी आलं काय, तर २०१२ची नववीची सहामाही भूगोलाची प्रश्नपत्रिका, भूमिकाच्या बालवाडीतल्या गॅदरिंगचा अर्धा व्हिडिओ, आणि एक फाइल जी उघडत नाही.

ती न उघडणारी फाइल आबाच असणार. रीतीने वागलं तर उघडेल. उद्या परत बघू.

२७ ऑक्टोबर

उघडली. गॅस बुकिंगची पावती होती.

२८ ऑक्टोबर

मोठी बातमी. जुन्या फेसबुक अकाउंटवर तो फोटो आहे. २०१२ला मीच टाकला होता. रंगीत. आबांसकट. शाळेच्या कॉम्प्युटरवर बघितला आणि खुर्चीतून उठलोच.

दोन त्रुटी. एक, फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे. दोन, त्या काळी लोक फोटो चोरतात असं ऐकलं होतं, म्हणून मी वर माझं नाव टाकत असे. 'निरंजन फोटोग्राफी', सोनेरी अक्षरांत, तिरपं, फोटोच्या बरोबर मधून. मधे आबा होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझं नाव आहे. हनुवटी तेवढी दिसते. रुमालाचा गुलाबी रंगही थोडा दिसतो.

ते नाव काढायला खोडायचं हत्यार फिरवलं. नाव गेलं. खाली आबा नव्हते, तिथे केळी आली. त्या सॉफ्टवेअरला माझी सवय लागली आहे.

३१ ऑक्टोबर

भूमिकाला इंदोरला फोन केला. कॉलेजात कॉम्प्युटरच शिकते, बापाच्या कामी येऊ दे. तिला विश्वासात घेतलं. आईला सांगू नकोस म्हटलं. ती म्हणाली, "पप्पा, ये क्या कर दिया तुम्ही? आबांचा एकच तर फोटो होता."

मी म्हटलं, भाषण नको, उपाय सांग.

तिने एआयकडून करून पाठवलं. रिकाम्या शेताचा फोटो दिला आणि लिहिलं, साधा म्हातारा शेतकरी, गुलाबी रुमाल. पहिल्या फोटोत भला मोठा पगडीवाला माणूस आला, मिशा कानापर्यंत, मागे उंट नाही एवढंच. दुसऱ्यात रुमाल बरोबर, पण दात असे पांढरेशुभ्र की टूथपेस्टची जाहिरात. आबांचे पुढचे दात मला कधी दिसलेच नव्हते. तिसऱ्यात तो माणूस केळीचा घड पुढे करून विकतोय.

भूमिकाचा खाली मेसेज होता, आबा ऐसे नहीं हँसते थे. मी विचारलं, मग कसे हसायचे. तिचं उत्तर आलं, याद नहीं, मैं छोटी थी.

मलाही आठवेना. मी त्यांच्याकडे बघितलं ते बहुतेक वेळा व्ह्यूफाइंडरमधून, ते कधी हलतील याची वाट बघत.

४ नोव्हेंबर

प्रोफेशनल माणसाकडे जायचं ठरवलं. योगेंद्रचा स्टुडिओ, शनवारा भागात. अर्ध्या बुऱ्हाणपूरची लग्नं आणि अर्ध्या बुऱ्हाणपूरचे गेलेले लोक त्याने केले आहेत.

शारदाच्या जुन्या कागदांत आबांच्या मतदार कार्डाची झेरॉक्स सापडली, ती दिली. सांगितलं की चेहरा इथून घ्या, रुमाल गुलाबी करा आणि माझ्या फोटोतल्या शेतात उभं करा. तो म्हणाला, हो जाएगा सर, हमारा रोज का काम है. चहा पाजला. फार आश्वासक माणूस. विनाकारण इतके दिवस जागलो.

७ नोव्हेंबर

फोटो मिळाला. आबा निळ्या कोटात आहेत. लाल टाय. मागे स्वित्झर्लंड.

योगेंद्रला म्हटलं, हे कुठले आबा. तो म्हणाला, सर, चेहऱ्याखाली शरीर तर पाहिजे ना, माझ्याकडे शरीर हेच आहे. मग त्याने भिंत दाखवली. ओळीने फोटो. किराणावाले, वकील, एक म्हातारा बैलगाडीवाला, सगळे त्याच निळ्या कोटात. गेलेल्या प्रत्येकाला तो हाच कोट घालतो. घरच्यांना आवडतं, म्हणाला, जिंदगीभर नहीं पहना, अब पहन लिया.

आणि शेत? शेत त्याने वापरलंच नाही. फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता म्हणून खराब झालाय असं समजून टाकून दिला.

हा फोटो सासूबाईंना द्यायचा विचार जेमतेम एक मिनिट केला. मग आठवलं की आबा भूमिकाच्या बारशालाही धोतरात आले होते.

९ नोव्हेंबर, रविवार

नवा प्लॅन, आणि आतापर्यंतचा सर्वांत सोपा. फोटो परत काढायचा. केळी काय, जिल्हाभर आहे. माणूस लांब उभा केला की चेहरा कोण बघतो.

प्रशांतला तयार केलं. सासरी कळू नये म्हणून देडतलाईच्या अलीकडे रस्त्याकाठचं एक शेत निवडलं. बाजारातून गुलाबी रुमाल घेतला, माझं जुनं धोतर नेसवलं. प्रशांतला पोट आहे. आबांना नव्हतं. त्याला श्वास धरायला सांगितला.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि माणसं जमायला लागली. त्यांना वाटलं सर्वेवाले आले. गेल्या पावसाळ्यातल्या वादळात केळी पडली होती, तेव्हापासून ते भरपाईच्या सर्वेची वाट बघताहेत. मी म्हटलं आम्ही सर्वेवाले नाही. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. एकाने खाट आणली, एकाने चहा. कोणाची किती झाडं पडली ते सांगायला लागले. धोतरातल्या प्रशांतला त्यांनी मोठे साहेब ठरवलं, कारण तो काहीच बोलत नव्हता. त्याने श्वास धरला होता.

निघताना मागे येऊन विचारत होते, साहेब, आमचं होईल ना. प्रशांत म्हणाला, होईल. मला त्याचा राग आला. जे आपल्या हातात नाही त्याला हो कशाला म्हणायचं?

फोटो एकही आला नाही. सगळ्यांत माणसं आहेत.

१३ नोव्हेंबर

शारदाने आज तिसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, सरप्राइज आहे. तिने विचारलं, चांगला आलाय ना मोठा करून? म्हटलं, तुला ओळखू येणार नाही इतका.

रात्रीची भाजी खारट होती. मी बोललो नाही. सध्या घरात मला फारसं बोलता येत नाही.

१५ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला आणि सगळं सुटलं.

चूक माझी नाहीच, बघण्याची आहे. मी आबांना काढलं असं मी समजत होतो. पण त्या शेतातल्या केळीचा प्रत्येक खांब, प्रत्येक पान कुणी वाढवलं? आबांनी. मग ते त्यात नाहीत असं म्हणणं किती उथळ आहे. चेहरा काय, चेहरा कुणाचाही असतो. सासूबाई अशिक्षित असल्या तरी समजूतदार आहेत. शेत बघितलं की त्यांना आबा दिसतील. उलट नुसते आबा बघितले असते तर शेत दिसलं नसतं.

निर्णय: माझा ब्लॅक अँड व्हाइट फोटोच द्यायचा. मोठा. भिंतभर. दारात शिरल्याबरोबर दिसेल असा.

इतकं हलकं वाटलं की माळा साफ केला. अर्धा.

१८ नोव्हेंबर

प्रिंट आली. फ्रेम सागवानी, काच लावून. दुकानदाराने विचारलं, कुठलं शेत? म्हटलं, सासऱ्यांचं. तो म्हणाला, वा, सासरे दिसत नाहीत कुठे. मी म्हटलं, ते फोटोत यायचे नाहीत. त्याला पटलं. लोकांना पटवणं इतकं सोपं असतं हे आधी माहीत असतं तर एवढी धावपळ केलीच नसती.

फ्रेम कागदात गुंडाळून, खाकी टेप लावून कपाटामागे ठेवली.

२० नोव्हेंबर

शारदाने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "आबा आहेत ना त्यात?"

म्हटलं, "आहेत. पण वेगळ्या अर्थाने."

ती बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. हातात कुकरचं झाकण. मी सावली, अवकाश, रिकामेपण वगैरे समजावून सांगायला लागलो. ती परत आत गेली. कुकरच्या शिट्ट्या जरा जास्त झाल्या, वरणाचा पार लगदा.

२२ नोव्हेंबर

शाळेतून आलो तर फ्रेमवरची टेप पांढरी दिसली. मी खाकी लावली होती. म्हणजे शारदाने उघडून पाहिली आणि परत बांधून ठेवली.

काही म्हणाली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. तिला आवडलेली दिसते. माझा अंदाज बरोबर होता. भारावल्यावर माणूस बोलत नाही.

डोळे लाल होते. दुपारभर दिवाळीची उरलेली कामं काढून बसली होती, धूळ गेली असेल.

२३ नोव्हेंबर, सकाळ

निघतोय. फ्रेम मागच्या सीटवर, चादरीत. आत्मविश्वास पूर्ण. शारदाने नवी साडी नेसली आहे, गुलाबी. ती हा रंग कधी नेसत नाही.

२४ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही.

पूजा झाली. ब्राह्मण जेवले. मग धर्मेंद्रने सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. खुंटी आधीच ठोकून ठेवली होती, देवघराशेजारी, समोरच्या भिंतीवर. खाली समई, हाराचं ताट. मी चादर काढली.

धर्मेंद्र फोटोकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. त्याची बायको मनीषा हळूच म्हणाली, किती मोठा आहे ना. एका काकांनी म्हटलं, जवाईबापूंनी मेहनत फार घेतली. मग त्यांनी मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. टोपी माझ्या डोक्यावर धर्मेंद्रने घातली. मला वाटलं होतं तो भांडेल. त्याच्या जागी मी असतो तर भांडलो असतो.

सासूबाई भिंतीला धरून पुढे आल्या. एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, त्या नाक काचेला टेकवून बघतात. डावीकडून सुरुवात केली, उजवीकडे गेल्या, परत आल्या.

"जवाईबापू, हे कुठी हायेत?"

मी म्हटलं, केळीमागे आहेत. हे कुठून तोंडात आलं मला माहीत नाही. शारदा दारात उभी होती. तिने मान वळवली.

सासूबाई म्हणाल्या, "मागे काहून? पुढेच उभे व्हते. त्या दिवशी सकाळीच दाढी केली, मी बाजारातून आनेल नवा रुमाल बांधला. साऱ्या जिंदगीत फोटोले भ्याले, पन त्या दिवशी मले म्हने, जवाई आला हाये कॅमेरा घेऊन, माझा फोटो काढनार हाये."

खोलीत सगळे ऐकत होते. मी टोपी काढावी की ठेवावी हेच मला कळेना.

तीनदा बाजूला व्हा म्हटलं होतं त्यांना मी, आणि तीनदा ते परत आले होते. मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. त्यांना वाटत असणार की जावई नीट जागा शोधतोय, बाजूला व्हा म्हणतोय ते कुठे उभं राहायचं ते सांगतोय.

सासूबाई रागावल्या नाहीत. जावयावर रागवायची त्यांच्याकडे पद्धत नाही. त्यांनी कुंकवाची वाटी घेतली आणि म्हणाल्या, "कुठी उभे व्हते, तेवढं दाखवा. मले दिसत नाही. फोटो तुमी काढला, तुमालेच ठाऊक असन."

मला ठाऊक होतं. सगळ्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं. विहिरीच्या उजवीकडे, जिथे एकच फाटकं पान दोनदा आलं आहे, तिथे. मी त्यांचं बोट धरलं आणि काचेवर त्या जागी नेऊन ठेवलं. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मग धर्मेंद्रने जोडले, मनीषाने जोडले, शारदा आत आली आणि तिनेही जोडले. भुईला डोकं टेकून नमस्कार केला तिने, केळीच्या पानांना.

नंतर पहिल्या पंगतीला मला मधोमध बसवलं. ताटाभोवती रांगोळी. मनीषाने खापरावरची पुरणपोळी वाढली, जावयाची म्हणून वर आणखी एक वाढली. नको म्हणता आलं नाही. खाल्ली.